खात्रीनानांची पांढरी जागा

एकाच विहिरीचे पाणी दोन बाटल्यांत भरायचे, एका बाटलीवर स्वतःचे नाव लिहायचे, दुसरीवर मेहुण्याचे, आणि दोन्ही तपासायला द्यायच्या. उत्तर सारखे आले तर तपासणाऱ्यावर विश्वास ठेवायचा, तोही पुढच्या बाटलीपर्यंत. खात्रीनाना आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा आले ते असे. मी तिथे पदार्थविज्ञान शिकवत असे. पाण्यात विरघळलेला क्षार मोजणारे पेनाएवढे एक यंत्र आमच्याकडे होते. मी ते दोन्ही बाटल्यांत बुडवून आकडे सांगितले. त्यांत किंचित फरक होता. नानांनी लगेच विचारले, "हा फरक का?" यंत्राचा शेवटचा आकडा नेहमीच थोडा हलतो, असे मी समजावले.

"म्हंजे यंत्राला पन खात्री नाय," ते म्हणाले. मग बाटल्या पिशवीत ठेवता ठेवता त्यांनी सांगून टाकले, "दोन्ही पानी माझंच हाय, बाई. राग नका मानू. बघत होतो."

मला राग आला नाही. जे मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्या गळी उतरवू पाहत होते, ते हा गृहस्थ कोणी न शिकवता करत होता.

त्यांचे खरे नाव गावात फारसे कोणी घेत नसे. वसईच्या पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला त्यांची वाडी होती. केळी, थोडी फुलझाडे आणि मुख्य म्हणजे विड्याच्या पानांचे वेल. घरात त्यांची जुनी बोली चाले. माझ्याशी बोलताना ती शाळेतल्या मराठीकडे थोडी झुके, पण ‘ण’ काही त्यांच्या तोंडी कधी आला नाही. अंगाने सडसडीत, सदरा पांढरा, खिशाला निळे पेन, आणि समोरचा बोलू लागला की मान एका बाजूला कलती करून ऐकायची सवय, जणू आवाजातही काही भेसळ असेल तर ती कानाला लागावी. रस्त्यात वेळ विचारली तरी ते दोघांना विचारत. घरात दोन कॅलेंडरे होती, दोन वेगळ्या छापखान्यांची. काकू, म्हणजे त्यांची पत्नी, हसत सांगत, "मला बघायला तीनदा आले होते. दोनदा सांगून, एकदा न सांगता. त्या दिवशी मी शेणानं अंगण सारवत होते. म्हणाले, आता पसंत."

त्यांच्या संशयाला कारण नव्हते असे मात्र नाही. नव्वदच्या दशकात आमच्या भागात जमिनी ज्या वेगाने हातांतून हातांत गेल्या तो वेग ज्यांनी पाहिला, त्यांना कोरा कागद साधा वाटत नाही. नानांच्या एका नातेवाइकाने कोणत्या तरी कागदावर सही केली होती. सहीच्या वर मोकळी जागा होती, आणि त्या मोकळ्या जागेत नंतर काय लिहिले गेले ते त्याला वाडी गेल्यावर कळले. तेव्हापासून नाना हाती येणाऱ्या प्रत्येक कागदावर मजकूर संपला की उरलेल्या जागेवर पेनाने तिरकी रेघ मारत. बँकेची पावती, दवाखान्याचा कागद, इतकेच काय, लग्नपत्रिका. भाचीच्या लग्नाच्या पत्रिकेवर गणपतीच्या दोन्ही बाजूंना त्यांनी मारलेल्या रेघा मी स्वतः पाहिल्या आहेत.

आता विहिरीचे सांगते, कारण सारे तिच्यापाशीच येऊन थांबते. ती नाना आणि त्यांचा चुलतभाऊ बबन यांची सामायिक होती. बबन वालीवच्या एका कारखान्यात फिटर होता. काम कमी होत गेले आणि त्याला घरी बसावे लागले. त्याच सुमारास पूर्वेच्या नव्या वस्त्यांना पाणी पुरवणारे टँकर पश्चिमेच्या विहिरींपर्यंत येऊ लागले. टँकरवाला बबनच्या दारात आला. बबनची पाणी विकायची इच्छा होती, त्याची अडचणही खरी होती. पण समुद्राजवळच्या विहिरीचा नियम असा, की गोडे पाणी जितके जोराने उपसाल तितके खालून खारे पाणी वर सरकते. उन्हाळ्यात ते थोडे सरकतेच. जास्त उपसा झाला तर पावसाळ्यातही मागे जात नाही. पावसाचे पाणी धरून जमिनीत मुरवणारी बावखले, म्हणजे वाड्यांमधली ती लहान तळी, एकेक करून बुजवली जात होती, त्यामुळे भीती दुप्पट. आणि विड्याचा वेल फार नाजूक. माणसाच्या जिभेला खारटपणा कळायच्या आधी तो पिवळा पडतो.

दोघा भावांत बोलणे झाले आणि एक ठराव झाला. दिवाळीपासून पाण्यातला क्षार मोजायचा, पाऊस पडायच्या आत निर्णय करायचा. "फार चढला तर नाय विकनार," बबन म्हणाला. नानांनी ते मान्य केले. दोघांपैकी कोणीही ‘फार’ म्हणजे किती हे ठरवले नाही, आणि ते ठरवायचे काम नकळत माझ्या आलेखावर येऊन पडले.

मी बाटल्या तपासायचे कबूल केले तेव्हा नानांनी माझीही चौकशी केली.

"बाई, तुम्ही राहता कुठं?"

"आचोळ्याला. पूर्वेला."

"तिथं पानी टँकरचं?"

"उन्हाळ्यात टँकरचंच."

मान कलती झाली. "मग तुम्ही कोनाच्या बाजूच्या?"

"आकडे ज्या बाजूला असतील त्या बाजूची."

"असं सगळेच म्हनतात," असे म्हणून त्यांनी बाटली माझ्या हातात दिली.

त्या काळात मी पायथन नावाची संगणकाची भाषा नुकतीच शिकले होते. चार ओळी लिहिल्या की तिची एक मोफत लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा संच, आलेख काढून देत असे. दिवाळीनंतर काही आठवड्यांनी मी नानांना पहिला आलेख छापून दिला. आडव्या अक्षावर दिवाळी ते दिवाळी असे बारा महिने, उभ्या अक्षावर क्षार: तळाशी शून्य, आणि वर एक तुटक रेघ, जिथे विड्याचा वेल तग धरत नाही ती मर्यादा. नानांनी कागद हातात घेतला, आलेखाकडे पाहिलेच नाही. पेन काढले आणि चौकटीच्या चारी बाजूंच्या कोऱ्या पट्ट्यांवर चार तिरक्या रेघा मारल्या.

"एवढं पांढरं कशाला सोडलंय?"

"मी नाही सोडलं. ती लायब्ररी आपोआप सोडते."

"कोनासाठी?"

खरे म्हणजे उत्तर साधे आहे. आलेखाभोवती महिन्यांची नावे आणि आकडे लिहावे लागतात. ते किती जागा घेतील हे लायब्ररीला आधी ठाऊक नसते, म्हणून ती सावधपणे चारी बाजूंना ठरावीक जागा राखून ठेवते. पण ज्याला राखून ठेवलेल्या जागेने एकदा फसवले आहे त्याला हे सांगून काय उपयोग? मी म्हटले, काढून टाकते.

पहिल्या प्रयत्नात मी चौकट कागदाच्या चारी कडांना नेऊन भिडवली. पांढरी जागा गेली आणि तिच्याबरोबर आकडेही गेले, कारण ते चौकटीच्या बाहेर लिहिलेले असतात आणि आता बाहेर कागदच उरला नव्हता. नाना दुसऱ्या दिवशी आले, कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली.

"आकडे कुठं गेले?"

"समासाबरोबर कापले गेले."

"बघा! म्हंजे पांढऱ्या जागेत काहीतरी होतंच," ते विजयाने म्हणाले.

मग मी माहितीपुस्तिका नीट वाचली. चित्र जतन करताना ‘टाइट’ हा एक शब्द जोडला की लायब्ररी आधी काढलेल्या प्रत्येक गोष्टीचे, अक्षरांसकट, टोक शोधते आणि त्यापलीकडचे तेवढेच कापते. नवा कागद पाहून नानांचे समाधान झाले. निळे पेन खिशातच राहिले. हा त्यांच्याकडून मिळालेला मोठाच शेरा होता.

महिने गेले. नाना बाटल्या आणत राहिले, मी आलेख काढत राहिले. शिमगा झाला, ऊन वाढले, रेघ चढू लागली. मे महिन्यात निर्णयाचा दिवस जवळ आला तेव्हा ते आणखी एक मागणी घेऊन आले. चौकटीच्या आत बोट ठेवून म्हणाले, "हे आतलं पांढरं राहिलंय. रेघेच्या खाली एवढं, वर एवढं. तेपन काढा."

मी शून्याची आणि मर्यादेची अट काढून टाकली. लायब्ररीने लगेच आपल्या स्वभावाप्रमाणे केले: सर्वांत कमी आकडा तळाला, सर्वांत जास्त माथ्याला, मधले सारे मोकळेपण नाहीसे. मघापर्यंत जी मंद चढण होती ती खालच्या कोपऱ्यातून वरच्या कोपऱ्यापर्यंत कड्यासारखी उभी राहिली. आकडे तेच होते. एकही बदललेला नव्हता.

नानांनी कागद हातात घेऊन पाहिला. हा कागद बबनसमोर टाकला असता तर वाद तिथेच संपला असता. वेल वाचले असते. मला वाटले ते आनंदतील. पण मान कलती झाली.

"हा माझ्या बाजूनं फारच बोलतोय," ते म्हणाले. "असं का?"

मी त्यांना समजावले, की आतली जागा काढली म्हणजे आपण भिंग धरल्यासारखे होते. लहान बदलही पान व्यापतो. त्यांनी ऐकले, आणि अर्थातच माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. टेबलावर माझी पिण्याच्या पाण्याची बाटली होती. "ह्याचं मोजा," म्हणाले. "परत मोजा. परत." एकाच बाटलीतल्या, जागच्या जागी उभ्या असलेल्या पाण्याची मोजणी त्यांनी माझ्याकडून पुनःपुन्हा करून घेतली आणि म्हणाले, "आता ह्याचा काढा. पांढरं ठेवू नका." यंत्राचा शेवटचा आकडा जेवढा हलला होता तेवढ्यातून लायब्ररीने शिखरे आणि दऱ्या काढून दिल्या. घोटभर पाण्याचा सह्याद्री झाला.

नाना हसले नाहीत. दोन्ही कागद घडी करून घेऊन गेले.

निर्णय त्यांच्या पडवीत झाला. नाना, काकू, बबन, आणि साक्षीला मी. बबन गोरा, भरल्या अंगाचा, बोलण्यात खोचक. पण डोळ्यांत तीच घराण्याची कलती नजर. बसता बसता म्हणाला, "बाई, तुमच्या कॉम्प्युटरात आमच्या नानानं काय काय भरलंय ते आधी सांगा."

"बाटल्यांचे आकडे. दुसरं काही नाही."

"आनि बाटल्या कोन भरत होता? नाना!"

"तू झोपला होतास म्हनून," नाना म्हणाले आणि कागद पुढे केला. तो आधीचाच, शून्यापासून सुरू होणारा, मर्यादेची तुटक रेघ असलेला, वर भरपूर पांढरी जागा असलेला कागद होता.

बबनने तो पाहिला, मग नानांकडे पाहिले. "येवढंच? मी म्हटलं, काय डोंगर आनतोयस!"

काकूंना राहवले नाही. "अहो, तो दुसरा दाखवा की."

बबन सावरून बसला. "दुसरा कोनता?"

नानांनी खिशातून दुसरी घडी काढली आणि पहिल्या कागदाशेजारी ठेवली. बबन कड्यासारख्या त्या रेघेकडे पाहत राहिला. "हा का लपवलास?"

"लपवला नाय. आकडे तेच हायत, तूच वाच. पन हा ओरडतो. फार की थोडं, हे ओरडून ठरवायचं नाय."

"नाना, तू एवढा सरळ कधीपासून झालास? ह्यात काहीतरी गोम हाय." बबनने दोन्ही कागद उजेडात धरले, आकडे एकमेकांशी ताडून पाहिले, शेवटी पहिला कागद मांडीवर ठेवला. "ह्याच्यावर बोलायचं तर पानी अजून फार चढलं नाय. उन्हाळ्यात एवढं दरवर्षी चढत असनार. मी पानी देनार."

"दे," नाना म्हणाले. "एक अट हाय. मोजनं चालू राहनार, आनि कागदाची चौकट बदलायची नाय. खाली शून्य, वर ती रेघ, बारा महिने. पुढं मलापन नाय बदलता येनार, तुलापन नाय."

"चालेल," बबन म्हणाला. त्याला ती अट म्हणजे म्हाताऱ्याचा हट्ट वाटली. मलाही त्या वेळी तिचे महत्त्व पुरते कळले नव्हते.

नाना मला रिक्षापर्यंत सोडायला आले. मी न राहवून विचारले, की तो दुसरा कागद पुढे ठेवला असता तर चालले असते का? ते थोडे चालून थांबले. "बबन माझ्यावर लहानपनापासून संशय घेतोय. घेऊ दे. पन त्याचा संशय खरा निघाला, तर मग विहिरीवर तोंड कसं दाखवू?"

टँकर सुरू झाला. पावसाळ्यात थांबला, दिवाळीनंतर पुन्हा सुरू झाला. नाना बाटल्या घेऊन येत राहिले, पण आता येताना बोलणे कमी झाले होते. पावसाने रेघ खाली आणली होती, मात्र मागच्या दिवाळीला ती जिथे होती तिथवर नाही. नाना दर वेळी नवा आलेख घेत आणि पडवीतल्या खिळ्याला अडकवत. जुना काढत नसत. बबन विहिरीकडे जाताना त्या खिळ्यासमोरून दिवसातून अनेकदा जाई. त्याने कधी मान वर केली नाही असे काकू सांगत.

त्या हिवाळ्यात नाना गेले. ताप आला, दवाखान्यात नेले, तिथेही त्यांनी सलाइनच्या बाटलीवरचे नाव वाचून दाखवायला लावले, आणि दोन दिवसांत संपले. कडेच्या वेलांच्या काही पानांवर तेव्हा पिवळी झाक दिसू लागली होती. ते त्यांनी पाहिले होते. पुढचे पाहिले नाही. मी तेराव्याला गेले. पानवेलीच्या मांडवाखालून चालताना मला सारखे वाटत होते की कोणीतरी मागून माझ्या बोलण्याची पारख करते आहे.

निघताना बबन जवळ आला. "बाई, त्या बाटल्यांचं आता काय?"

"तुमची इच्छा. ठरलं तुमच्या दोघांत होतं."

होळीच्या आधी तो स्वतः बाटली घेऊन प्रयोगशाळेत आला. मी मोजले, आकडा त्या वर्षाच्या आलेखात भरला, ठरलेल्या चौकटीत छापून दिला. त्याने कागद पाहिला आणि म्हणाला, "ह्यावरनं मला काय कळत नाय. रविवारी घरी या. नानाचे सगळे कागद हायत खिळ्याला."

मी रविवारी सकाळी गेले. खिळ्यावरून गेल्या मे महिन्यातला कागद काढून घेतला, त्यावर हा नवा कागद ठेवला आणि दोन्ही मिळून खिडकीच्या काचेला टेकवून धरले. इथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. आतली पांढरी जागा दर वेळी कापली असती, तर दोन्ही वर्षांच्या रेघा सारख्याच दिसल्या असत्या, दोन्ही वर्षी तळापासून माथ्यापर्यंत तोच कडा. रोजच ओरडणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही. पण इथे चौकट तीच होती. शून्यावर शून्य बसले, महिन्यावर महिना बसला, तुटक रेघ तुटक रेघेत मिसळून गेली. वेगळी राहिली ती फक्त पाण्याची रेघ. गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस ती जिथे पोहोचली होती, तिथे यंदा ती होळीच्या आधीच उभी होती. वरची पांढरी जागा अजून होती. पण पुढे अख्खा उन्हाळा होता.

बबनने कागद माझ्या हातातून घेतले. काचेवर स्वतः धरले. जरा सरकवून पाहिले, पुन्हा जुळवले. मी त्याला वाट्टेल तितका वेळ घेऊ दिला.

"ही वरची तुटकी रेघ?"

"त्यापुढे वेल जगत नाहीत."

"आनि अजून लांब हाय ती."

"अजून लांब आहे."

तेवढ्यात फाटकाशी टँकरचा हॉर्न वाजला. बबन दोन्ही कागद हातात तसेच घेऊन अंगणात गेला. मी पडवीत उभी होते. काकू आतून येऊन माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. ड्रायव्हर पाइप ओढत खाली उतरला होता.

"पाइप उतरवू नको," बबन म्हणाला. "आजपासून पानी नाय."

"क्या हुआ शेठ? पानी खारा हो गया?"

"नाय."

"मोटर जल गयी? पैसा कम पडता है?"

"नाय रे बाबा."

"तो फिर हुआ क्या?"

"अजून काय झालं नाय," बबन म्हणाला. "म्हनूनच बंद."

ड्रायव्हर त्याच्याकडे आणि मग त्याच्या हातातल्या कागदांकडे पाहत राहिला. मग पाइप गुंडाळून त्याने गाडीवर टाकला आणि रिकामा टँकर वाडीच्या अरुंद वाटेने मागे मागे घेत रस्त्याला लावला.